टोलताई आणि तडकलेली थोरली

आमच्या ताईंनी चर्चची घंटा फोडली, ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक कोपऱ्यात उभे राहून कुजबुजतात आणि मी जवळ गेले की हवापाण्यावर बोलायला लागतात. फोडली तर फोडली. तिच्यासाठी ताईंनी जितकी हाडं झिजवली तितकी कुणी झिजवली असती, तर मला येऊन बोलावं.

ताई म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची मोठी बहीण. गाव त्यांना टोलताई म्हणतो. चर्चच्या मनोऱ्याला लागूनच दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं आमचं घर आहे. घंटा वाजवणाऱ्याच्या कुटुंबाने तिथं राहायचं, ही जुनी रीत. मनोऱ्याची भिंत आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा वाजली, फळीवरची झाकणं खुळखुळली आणि मी छप्पर कोसळलं म्हणून अंथरुणातून उठून थेट रस्त्यावर! सासूबाई पोट धरून हसल्या. ताई मात्र वरून खाली आल्या, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "होईल सवय. मला अजून व्हायचीय." तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

मनोऱ्यात घंटा तीन. थोरली, मधली आणि धाकटी. थोरली सगळ्यात जुनी. ती बाहेरून आणलेलीच नाही. मनोरा अर्धा बांधून झाला होता तेव्हा अंगणात खड्डा खणून तिथंच ओतली म्हणतात. धातू कमी पडला तेव्हा बायकांनी घरातली तांब्यापितळेची भांडी आणून दिली, म्हणून तिच्या आवाजात थोडी घरगुती कुरकुर आहे, असं माझे सासरे म्हणायचे. मधलीची कथाच वेगळी. मूळची मधली युद्धात तोफांसाठी वितळवायला नेली ती नेलीच. तिच्या जागी बंद पडलेल्या एका कारखान्याची घंटा आणून टांगली. ती वाजली की म्हातारे कामगार डबा शोधायला उठायचे! धाकटी कुणीतरी आपल्या मुलाच्या आठवणीत दिलेली. आवाज गोड, पण नखरे फार. थंडीत तिचा दोर ताठ होतो आणि पावसाळ्यात जड.

सासरे घंटा वाजवायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. पुढे हे काम मुलानं, म्हणजे आमच्या ह्यांनी घ्यायचं ठरलेलं. पण सासऱ्यांचा एक हात लुळा पडला तेव्हा हे शाळेत होते. मग ताईंना सांगितलं, "हा मोठा होईपर्यंत तू बघ." ताई तेव्हा जेमतेम विशीच्या. हे मोठे झाले, बसवर ड्रायव्हर म्हणून लागले, पाळ्या सुरू झाल्या, कंबर गेली, आणि ताई बघतच राहिल्या. कुणी त्यांना थांब म्हटलं नाही, आणि कुणी आता तुझं काम संपलं असंही म्हटलं नाही. असं गळ्यात पडलेलं काम उतरवायला कुणीतरी हात लावावा लागतो. आमच्या घरात तो हात कुणाचाच पुढे आला नाही.

मध्ये एक स्थळ आलं होतं, दुसऱ्या गावचं. मुलगा छपाईच्या कामात, माणसं चांगली. सासूबाईंनी विचारलं, "घंटेचं काय?" सासऱ्यांनी विचारलं, "घंटेचं काय?" त्या वेळच्या फादरांनीही तेच विचारलं. पोरीचं काय, हे विचारायला मी तेव्हा ह्या घरात नव्हते. असते तर विचारलं असतं, मग मला बाहेर काढलं असतं तरी चाललं असतं.

लोकांना वाटतं, दोर ओढला की घंटा वाजते. ओढून बघा म्हणावं. थोरली वाजवायची म्हणजे दोराने आधी ती सगळी हलवायची. ती लाकडी जुवावर झोका घ्यायला लागली की आतला लोखंडी लोलक तिच्या काठावर आपटतो, तेव्हा टोल पडतो. मग येणारा दोर सोडायचा, जाणारा धरायचा. चुकलात तर ती तुम्हाला उचलून नेईल. सकाळ, दुपार, संध्याकाळ हे रोजचं. वर लग्नं, बारशी आणि मयती. ताप असो, दाढ दुखो, ताई वर. त्या गावाबाहेर कधी गेल्याच तर संध्याकाळच्या घंटेआधी परत. एक रात्र दुसऱ्याच्या घरी काढलेली नाही बाईनं! सासूबाई गेल्या तेव्हा सगळा गाव शवपेटीमागून चालत गेला. ताई वर मनोऱ्यात एकट्या दोर ओढत होत्या. आईला माती द्यायलाही त्या नव्हत्या. मी परत आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात बसून माझ्यासाठी पाणी तापवत होत्या, आणि त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आवाज तिथपर्यंत येत होता का गं?"

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, हात डोक्याच्या वर न्यायचाच नाही. ताई हो म्हणाल्या आणि संध्याकाळी वर गेल्या. मग त्यांनी ती गोष्ट केली. सासऱ्यांचा एक सक्त नियम होता, लोलक बांधायचा नाही. घंटा झुलवायच्या ऐवजी दोर थेट लोलकाला बांधला, तर लहान पोरगंही ती वाजवू शकतं, दारावर थाप मारण्याइतकं सोपं. पण मग लोलक आपटून मोकळा मागे येत नाही, काठावर दाबून राहतो, आणि घंटेला आतून मार बसत जातो. ताईंना हे पाठ होतं. तरी त्यांनी थोरलीचा लोलक बांधला. एका हिवाळ्यात थोरली तडकली. टोल ऐकून मी हातातलं पीठ तसंच टाकून बाहेर आले. फुटक्या बादलीवर कुणी काठी मारावी तसा आवाज. ताई खाली आल्या आणि पायरीवर बसल्या. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "गेली गं." त्या रडत होत्या, पण मी खोटं बोलणार नाही, मला आधी वाटलं ते हेच की चला, सुटली बाई एकदाची.

कसली सुटते! कमिटी बसली. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे आमचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. माणूस मनाने वाईट नाही, पण परंपरा हा शब्द उच्चारला की त्यांचा गळा दाटून येतो आणि समोरच्याचं काम वाढतं. ठरलं, थोरली दुरुस्त करायची, आणि करायचंच तर तिन्ही उतरवून लाकूड, चाकं, दोर सगळं नवं करायचं. वर्गणीसाठी पोस्टर छापलं. त्यावर घंटेचा नाही, ताईंचा फोटो! दोर हातात, मान वर, खाली मोठ्या अक्षरात, 'हे हात थांबू नयेत.' मी ते पोस्टर किराणा दुकानात पाहिलं आणि तिथंच कपाळावर हात मारला. दुकानदार म्हणाला, "किती छान आलाय ना फोटो?" मी म्हटलं, "हो, बळीच्या बकऱ्याचाही छानच येतो."

घंटामिस्त्री आला तो कमी बोलणारा, जाड भुवयांचा माणूस. त्याने तिन्ही घंटांवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, माठ घेताना आपण बघतो तसं. मग कमिटीपुढे म्हणाला, थोरली वितळवायची गरज नाही, भट्टीत हळूहळू तापवून तडा सांधता येईल. परत टांगताना थोडी फिरवून टांगू, म्हणजे लोलक नव्या जागी आपटेल. आणि जाता जाता म्हणाला, "मोटार बसवून घ्या. आजकाल सगळीकडे बसवतात. बटण दाबलं की झालं."

मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते. ताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला भरून आलं. तेवढ्यात गुरुजी उभे राहिले. "मोटार? अहो, घंटेत जीव ओतावा लागतो, जीव!"

"तुमचा ओता मग," मी म्हटलं, पण कपांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसावं. ह्यांनी मात्र माझ्याकडे डोळे वटारले. मोटार नको असं एकमताने ठरलं. ताईंनीही हात वर केला. हो, ताईंनीसुद्धा! घरी आल्यावर मी त्यांना धारेवर धरलं तर म्हणाल्या, "सगळ्यांनी केला गं वर. माझाच खाली कसा दिसला असता?"

कप्प्या लावून, साखळदंड बांधून घंटा उतरवल्या आणि ट्रकने ओताऱ्याच्या कारखान्यात नेल्या. मनोरा रिकामा झाला. पहिल्या पहाटे ताई सवयीने उठल्या, चपला घातल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन पडल्या. मग हळूहळू झोपायला लागल्या. एकदा तर ऊन पार पायांवर आलं तरी उठल्या नाहीत, मी घाबरून श्वास चालू आहे ना ते पाहून आले. गरम चहा त्यांनी कधी निवांत प्यायलाच नव्हता. आता दोन्ही हातांत कप धरून बसायच्या आणि म्हणायच्या, "हा रोज इतका चांगला होतो?"

त्यांची एक शाळेपासूनची मैत्रीण आहे, पलीकडच्या गावात. नवरा गेलाय, शिवणकामाचं छोटं दुकान चालवते. ती कितीतरी वर्षं बोलवायची. ह्या वेळी ताई गेल्या आणि राहिल्या. आठवडाभराने आल्या त्या ओळखू येईनात. गाल भरलेले, वेणी नीट घातलेली. रात्री भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "ती म्हणते, कायमची ये. मागची खोली रिकामी आहे. काजं-बटणं मला बसल्या बसल्या करता येतील." मग बराच वेळ एकच ताटली पुसत राहिल्या. "मला जावंसं वाटतंय गं. इतकं वाटतंय की भीती वाटते."

"मग सांगा की कमिटीला!"

"काय कारण सांगू?"

"दमले म्हणा. झालं."

"दमणं हे काय कारण आहे?" ताई म्हणाल्या. "सगळेच दमतात. तू दमत नाहीस?"

आमच्या घरातल्या बायकांना हे कुणी शिकवलंच नाही. ताप चालतो, मोडलेलं हाड चालतं. नुसतं दमले म्हणायला कुणीतरी मरावं लागतं जणू. मी ह्यांच्यामागे लागले, "अहो, तुम्ही बोला. तुमची बहीण आहे." हे म्हणाले, "ती स्वतः काही म्हणत नाही, मी कसं बोलू?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पोटात ह्यांच्याही काहीतरी टोचत असणार, पण आमचे हे टोचलं की आवाज वाढवतात.

घंटा परत यायची वेळ झाली. मिस्त्री आधी येऊन नवं लाकूड बसवत होता. ताई त्याच्यासाठी चहा घेऊन गेल्या तेव्हा त्याने थोरलीचा जुना लोलक त्यांना दाखवला. दोर घासून त्यावर खाच पडली होती. म्हणाला, "बाई, हा बांधलेला होता. त्यानेच तडा गेलाय. मी कुणाला बोललो नाही." ताई घरी आल्या त्या जवळजवळ धावतच. मला वाटलं, घाबरल्या. कसलं काय! डोळे चमकत होते.

"मला कारण सापडलं," त्या म्हणाल्या. "मी सभेत सांगते, थोरली मी फोडली. नियम मोडून फोडली. मग काढतीलच ना मला? मोटार बसवतील आणि मला जा म्हणतील."

तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? दमले ही तीन अक्षरं तोंडातून निघेनात, आणि गुन्हा कबूल करायला बाई पाय उचलून निघाली! पण मनात म्हटलं, जाऊ दे, कसंही करून सुटू दे.

सभेत ताई उभ्या राहिल्या. सगळं बोलल्या. खांदा गेला, दोर ओढवेना, लोलक बांधला, बांधायचा नसतो हे ठाऊक असून बांधला. "गावाची घंटा मी फोडली. आता माझ्या हातात ती देऊ नका." एवढं बोलून मान खाली घालून उभ्या राहिल्या.

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. आणि म्हणाले, "ऐकलंत? खांदा निकामी झाला तरी ह्या माउलीने एक टोल चुकू दिला नाही! घंटा फुटली, पण सेवा थांबली नाही!" पहिल्या रांगेतल्या बाईने डोळ्याला रुमाल लावला. मग टाळ्या. मग सगळे उभे राहून टाळ्या. कमिटीने तिथल्या तिथे ठराव केला की झालं गेलं विसरून टोलताईंना आजन्म हा मान द्यावा, आणि त्यांच्यासाठी दोराला मऊ कापडी मूठ शिवावी. मऊ मूठ! मी खुर्ची मागे ढकलून उठले, ह्यांनी माझा हात धरला. मी तो झटकला आणि बाहेर येऊन मनोऱ्याच्या भिंतीला लाथ मारली. अंगठा अजून दुखतो.

ताई घरी आल्या आणि पलंगाच्या काठावर बसल्या. "मला माफ केलं गं सगळ्यांनी," म्हणाल्या आणि इतक्या रडल्या की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. मी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग तो दिवस आला. घंटा वर चढल्या होत्या, मनोरा धुतला होता, खाली दोरांच्या खोलीत आणि बाहेर अंगणात माणसंच माणसं. फादर चार शब्द बोलले. आमचे फादर तरुण आहेत, तीन गावं सांभाळतात, डोळ्यांखाली कायम काळी वर्तुळं. गुरुजी चार शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त बोलले. मग ताईंना पुढे बोलावलं. थोरलीचा नवा पांढरा दोर, त्याला ती मऊ मूठ. ताईंनी तो हातात घेतला. सगळे माना वर करून थांबले. ताई थांबल्या. थांबूनच राहिल्या.

"मी दमलेय, फादर," त्या म्हणाल्या.

गुरुजी लगबगीने पुढे झाले. "साहजिक आहे, सकाळपासून धावपळ! खुर्ची आणा रे. पाणी द्या. बसा ताई, दम खा, मग वाजवा."

"आजची नाही हो," ताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, वाण्याकडे मीठ मागावं तसा. "मी माझ्या विशीपासून दमलेय. आई गेली त्या दिवशी दमले होते, आणि रोजच दमते. मला नाही वाजवायची आता. पुन्हा कधीच नाही."

मग माझ्या शेजारची खुर्ची करकरली. आमचे हे उठत होते, एक हात कंबरेवर, तोंड लाल. बहिणीच्या हातातला दोर घ्यायला निघाले होते, इतक्या वर्षांनी! ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तू बस," त्या म्हणाल्या. "तुझी कंबर." हे तसेच अर्धे उभे राहिले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

गुरुजी म्हणाले, "पण मग आज... लोक जमलेत..." तेव्हा फादर पुढे आले. त्यांनी ताईंच्या हातातून दोर काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "आज नाही वाजणार. घरी जा सगळे." बस, एवढंच. ताईंना मात्र हळूच म्हणाले, "मला आधी विचारायला हवं होतं." ताई म्हणाल्या, "मलाही सांगायला हवं होतं." आणि माझा हात धरून घरी आल्या. बाहेर लोक हळूहळू पांगत होते. काही रुसले, काही जण आजही आम्हाला ओळख देत नाहीत. देऊ नका म्हणावं.

ताई त्याच आठवड्यात मैत्रिणीकडे गेल्या. एक बॅग आणि एक उशी. बसपर्यंत हे पोचवायला गेले आणि येताना वाटेत कुठेतरी बराच वेळ बसून आले. आमच्याकडे यथावकाश मोटार बसली. टोल वेळेवर पडतात, झाकणं अजून खुळखुळतात. गुरुजी म्हणतात, आवाजात जीव नाही. मला तर काही फरक कळत नाही.

ताई गेल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी फोन आला. मी घाबरतच उचलला. एवढ्या सकाळी फोन म्हणजे काहीतरी बिनसलंच असणार.

"इथेही चर्च आहे गं," ताई म्हणाल्या. आवाज झोपेतला, जड. "मागे आले होते तेव्हा इथल्या घंटेचा दोर तुटलेला होता. आज वाजली. मी अंथरुणात होते. पांघरूण गळ्यापर्यंत, आणि लांबून ती घंटा. काय छान वाटतं गं ते! इतकं छान वाटतं हे मला ठाऊकच नव्हतं. आता कळलं, लोक मला का सोडत नव्हते."

मी म्हटलं, "मग पडून राहा की. फोन कशाला केलात?"

पलीकडे पांघरूण ओढल्याची सळसळ ऐकू आली. मला वाटलं, झोपल्या.

"ती दोनदा अडखळली मध्येच," ताई म्हणाल्या. "हात दुखत असणार कुणाचातरी. मी कपडे करते आणि बघून येते, कोण आहे ते. वाजवणाऱ्याला कुणी विचारलंय का ते तरी विचारते."